कोणाचा राग, कोणाचा अंगठा

एकलव्याची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. आपल्या कवितांमधून तो अंगठा इतक्यांदा तुटलाय की आता त्यातून रक्त यायचंही थांबलंय. तरी मी आज ती गोष्ट परत काढतोय. कारण त्या गोष्टीत एक जागा आहे, तिथं आपण कधी थांबलोच नाही.

आदिपर्वात काय आहे ते बघा. निषादांच्या राजाचा पोरगा द्रोणाकडे शिकायला गेला. द्रोणानं नाही म्हटलं. पोरानं रानात मातीचा द्रोण केला आणि एकट्यानं शिकला. पांडवांच्या भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड त्यानं बाणांनी बंद केलं. ते बघून अर्जुनाच्या जिव्हारी लागलं. गुरूनं त्याला शब्द दिला होता की माझ्या शिष्यांत तुझ्या वरचढ कोणी असणार नाही. अर्जुन एकांतात गुरूकडे गेला आणि तो शब्द त्यानं आठवून दिला. द्रोण उठला, रानात गेला आणि त्यानं अंगठा मागितला. एकलव्यानं हसत्या तोंडानं तो दिला.

आता नीट बघा, दोस्तांनो. या गोष्टीत दुखावलेला, आतून धुमसणारा विद्यार्थी आहे. तो एकलव्य नाही, तो अर्जुन आहे. आणि विद्यार्थ्याचा राग हाताळणारा शिक्षकही आहे. द्रोणानं अर्जुनाला छडी मारली नाही, शिस्त शिकवली नाही, वर्गाबाहेर उभं केलं नाही. त्याचं ऐकून घेतलं. ताबडतोब उठून उपाय केला. विद्यार्थ्याचा राग कसा शांत करावा याचा इतका पक्का नमुना डी.एड.च्या कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. फक्त त्या शांततेचं बिल दुसऱ्याच पोराच्या हातावर फाडलं.

आणि ज्याचा अंगठा गेला, त्याला राग आल्याची एक ओळ त्या गोष्टीत नाही. तो हसतो. हाच तो आदर्श विद्यार्थी. हजारो वर्षं गुरुभक्तीचा दाखला म्हणून आमच्या पोरांपुढे तो नाचवला.

शिक्षकांची शिबिरं भरतात. तिथं एक प्रश्न असतो : विद्यार्थ्यांचा राग शिक्षकानं कसा हाताळावा? माझं म्हणणं, त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारा. कोणाच्या रागाला आपण ‘राग’ म्हणतो आणि कोणाच्या रागाला ‘बेशिस्त’? कोणाचा राग ऐकला जातो, आणि कोणाचा अंगठा देऊन?

मी शिक्षक नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा असतो. बारावीच्या पुढं जे काय वाचलं ते पाळी सुटल्यावर, जागरणाच्या डोळ्यांनी. तुम्ही म्हणाल, गिरणीतल्या गड्यानं मास्तरांना अक्कल का शिकवावी? तर मी मास्तरांच्या हाताखालून निघालेला माल आहे. मालानं कारखान्याबद्दल दोन शब्द बोलले तर कारखान्यानं ऐकावेत.

०

राग म्हणजे काय?

लाथ मारली तर दगडाला राग येत नाही. ज्याला आपली काही किंमत आहे हे ठाऊक असतं, आणि ती कोणी कमी धरली हे कळतं, त्यालाच राग येतो. राग हा हिशेब आहे. येणं किती आणि मिळालं किती, यातली तफावत अंगात चढते तेव्हा कानशिलं तापतात.

आमच्या आज्या-पणज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं की तुमचं येणं काही नाहीच. उष्टं मिळालं तर ती कृपा. ज्याचं येणंच नाही त्यानं रागवायचं कशावर? सावकाराच्या कागदावर त्यांनी मुकाट अंगठे उठवले. तोही अंगठाच. कापून न नेताही तो घेता येतो.

मग शाळा आली. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात राज्यघटनेची उद्देशिका छापलेली. दर्जाची आणि संधीची समानता. पोरगं ते मोठ्यानं वाचतं, पाठ करतं, परीक्षेत लिहून चार मार्क मिळवतं. आणि मधल्या सुट्टीत पाण्याच्या माठाकडे बघतं. वर्ग झाडायला कोणाची नावं पुकारली जातात ते बघतं. पुस्तक आणि माठ जुळत नाहीत. तिथं राग जन्मतो.

म्हणजे हा राग शाळेनंच दिला. धडा चांगला शिकवला गेल्याचा तो पुरावा आहे. ज्या पोराला उद्देशिका वाचून राग आला नाही त्यानं ती फक्त पाठ केली, आणि ज्याला आला त्याला ती कळली. असं असताना मास्तर त्याच पोराला उभं करून म्हणतात, तुझं डोकं फार गरम आहे. गुरुजी, ते तुम्हीच तापवलंत, आणि चांगलं केलंत. आता पळ का काढता?

आमच्याच वर्गातलं सांगतो. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की गुरुजी म्हणायचे, योजनेवाले उभे राहा. आम्ही सात-आठ जण उभे राहायचो. बाकीचा वर्ग मान वळवून बघायचा. जात कळायला तेवढं पुरे होतं. एकदा मागच्या बाकावरून कोणी तरी बोललं, सरकारचे जावई. आमच्यातल्या एकानं कंपासपेटी फेकून मारली. बोलणाऱ्याच्या कपाळाला खोक पडली.

गुरुजींनी फेकणाऱ्याला विचारलं, का फेकलीस? आणि उत्तर यायच्या आत छडी हाणली. शाळेतला ‘का’ हा पुष्कळदा प्रश्न नसतोच. तो छडीचा पहिला आवाज असतो. मग सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावली. बोलणाऱ्याला पट्टी बांधून घरी पोचवलं. कंपासपेटी फेकणं वाईट, यात मला शंका नाही. फुटलं ते पोराचंच कपाळ होतं. पण त्या दिवशी वर्गानं जो धडा घेतला तो असा, की शब्दानं कपाळ फोडलं तर चालतं.

पुढच्या वर्षी एक बाई आल्या. त्यांनी यादी वाचली नाही. मधल्या सुट्टीत एकेकाला हाक मारली, चिठ्ठी हातात दिली, आईची सही आण म्हणाल्या. भाषण नाही, समतेवर व्याख्यान नाही. त्या वर्षी कंपासपेटी उडाली नाही. बाईंनी आमचा राग हाताळला तो आम्हाला हात न लावता. रागाचं कारण बाजूला काढलं. याला मानसशास्त्राची पदवी लागत नाही, नुसते डोळे लागतात.

मारणं आता कायद्यानं बंद आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. छडी गेली हे चांगलंच झालं. पण यादी वाचायला छडी लागत नाही. आडनाव विचारून ‘म्हणजे कोण?’ असं पुढं विचारायलाही छडी लागत नाही. कलम १७ मधला दुसरा शब्द, मानसिक छळ, अजून पुष्कळ शाळांच्या दारात उभा आहे. त्याला आत कोणी बोलावलेलं नाही.

०

रागावलेल्या विद्यार्थ्याचं काय करायचं याची उत्तरं आपल्या घरातच आहेत. परदेशी पुस्तकं उघडायच्या आधी ती बघू.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये एक निबंध छापून आला. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’. लिहिणारी मुक्ता साळवे, मांगाची पोर, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. तो निबंध वाचताना आजही अंगावर काटा येतो. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवाला विचारते. पेशवाईत मांगमहारांच्या शिरांचा कसा खेळ झाला ते सांगते. इमारतींच्या पायांत त्यांना कसं पुरलं ते सांगते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, हे सांगते. आणि शेवटी आपल्याच माणसांकडे वळून म्हणते की शिका.

हा राग आहे. पण तोंडाला फेस आणणारा नाही. एकामागून एक मुद्दा येतो, एका पुराव्याला दुसरा खेटून बसतो. हे त्या पोरीला कोणी दिलं? राग तिचा स्वतःचा होता, तो बाहेरून देता येत नाही. तिच्या शिक्षकांनी अक्षरं दिली. आणि त्याहून मोठी गोष्ट केली. तिच्या निबंधातली आग विझवून तो त्यांनी छापायला दिला नाही. पोर आमच्या शाळेची, लोक काय म्हणतील, इनामदार काय म्हणतील, असा विचार केला असता तर आज मुक्ता साळवे हे नाव आपल्याला ठाऊक नसतं. त्याच जोतीरावांनी पुढं १८८२ साली हंटर कमिशनला लिहून दिलं की प्राथमिक शाळांतले शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. पोराच्या कपाळावरची आठी वाचायला पोराचं घर ठाऊक असावं लागतं, हे त्यांना कळलं होतं.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांची. साताऱ्याच्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे. संध्याकाळी ते गोणपाट घरी न्यावं लागे, कारण शाळेचा झाडूवाला त्याला शिवत नसे. शिपाई असेल तर वरून पाणी, शिपाई नसेल तर तहान. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मुंबईत आल्यावर संस्कृत शिकायचं होतं, तेही मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. या पोराच्या पोटात काय साचलं असेल ते सांगायला नको.

मग चर्नी रोडच्या बागेत एक शिक्षक भेटले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर. ते भीमरावांच्या शाळेतले नव्हतेच. बागेत पुस्तक घेऊन बसणारा पोरगा त्यांनी बघितला, विचारपूस केली, पुस्तकं द्यायला लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवलं. पुढं बडोद्याच्या सयाजीरावांकडे शब्द टाकून शिष्यवृत्ती मिळवून दिली. केळुसकरांनी काय केलं बघा. शांत हो, असं सांगितलं नाही. त्यांनी पुस्तक दिलं, आणि महिन्याला पंचवीस रुपयांची सोय करून दिली. एक डोक्यासाठी, एक पोटासाठी. रागाला दोन्ही लागतात.

आणि बाबासाहेब स्वतः आपले शिक्षक झाले तेव्हा त्यांनी आपल्या रागाचं काय केलं? २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्याचं पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, डोकी फुटली. उलटून मारायला तयार असलेली आपली माणसं कमी नव्हती, त्यांच्यातले कित्येक फौजेतून आलेले. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पण आवरलं म्हणजे घरी जाऊन झोपा म्हटलं नाही. डिसेंबरात परत महाड, २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन, आणि तळ्याचा खटला. तो खटला मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूनं निकाली निघाला. दहा वर्षं. एका दुपारच्या रागाचा दहा वर्षं टिकणारा राग केला. लाठीला लाठी दिली असती तर आठवड्यात संपला असता.

तिसरं उदाहरण आपल्या पानांच्या सख्ख्या नात्यातलं. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून आलेली पोरं होती. अंगात वारूळ घेऊन आलेली. तिथं म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे असे शिक्षक होते. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि काळ्या लेखकांची ओळख त्यांनी मराठीत करून दिली. पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं आणि नवख्या पोरांचं लिखाण छापलं. त्या पोरांना कोणी राग सोडा म्हटलं असतं तर दलित साहित्य नावाची चीज जन्मली नसती. शिक्षकांनी एवढंच सांगितलं : लिहून आण.

अमेरिकेतल्या ज्या काळ्यांच्या लढ्यावरून १९७२ साली आपल्या पँथरनं नाव घेतलं, त्यांच्यातला जेम्स बाल्डविन १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये शिक्षकांपुढं बोलला होता. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की शिक्षणानं माणूस जागा होतो, आणि जागा झालेला माणूस ज्या समाजात तो शिकला त्यालाच तपासायला लागतो. समाजाला असा माणूस नको असतो. मग शिक्षकानं ठरवायचं आहे, आपण कोणाचे नोकर. ही गोष्ट हार्लेममध्ये जितकी खरी तितकीच आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत.

०

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे राग पवित्र. पोरानं काहीही करावं आणि मास्तरानं टाळ्या वाजवाव्या.

नाही. राग खरा असतो, पण रागाचा निवाडा खरा असेलच असं नाही. हे दोन वेगळे ठेवता आले नाहीत की सगळा घोटाळा होतो. पोट दुखतंय म्हणणाऱ्याचं पोट दुखतच असतं. पण कशानं दुखतंय हे त्यानं सांगितलेलं बरोबर असेलच असं नाही. मास्तरानं दुखणं नाकारू नये, आणि निदान तपासल्याशिवाय मानू नये.

दुसरं, राग पाण्यासारखा उताराला वाहतो. गिरणीत रोज बघतो. मॅनेजर जॉबरवर खेकसतो, जॉबर कामगारावर, कामगार घरी जाऊन बायकोवर, बायको पोरावर, आणि पोरगं शाळेत येऊन आपल्याहून बारक्या पोराचा कान पिळतं. राग वरून निघाला आणि सगळ्यांत खालच्याच्या कानाला लागला. वर चढायला त्याला जोर लागतो, खाली यायला काहीच लागत नाही. बेबी कांबळेंनी ‘जिणं आमुचं’मध्ये आपल्याच घरांतल्या सुनांचे हाल लिहून ठेवलेत. गावानं तुडवलेल्या माणसांनी घरात कोणाला तुडवलं ते त्या पुस्तकात आहे. आपल्यातल्या पुष्कळ विद्रोह्यांना ती पानं जड जातात. पण हा राग क्रांतिकारी नव्हे, दोस्तांनो. हा उतरता राग आहे. मनूला शिव्या घालून घरी पोरीची वही चुलीत घालणारा मनूचाच हमाल असतो.

म्हणून मास्तरानं बघायचं ते हे : पोराचा राग वर बघतोय की खाली? ज्यानं दुखावलं त्याच्याकडे जातोय की जो उलट मारू शकत नाही त्याच्याकडे? बारक्याला मारणाऱ्या पोराला थांबवलंच पाहिजे, तिथं दयामाया नाही. पण थांबवून झाल्यावर त्याला उताराच्या वरच्या टोकाकडे न्यायला हवं. तुला कोणी मारलं, हे विचारायला हवं.

आणि तिसरं, विझवणारा मास्तर जितका वाईट तितकाच फुंकर घालणारा. अंगुलिमालाची कथा अट्ठकथेत आहे. तक्षशिलेचा हुशार विद्यार्थी. सोबत्यांनी चहाड्या केल्या, गुरूचं मन फिरलं, आणि गुरूनं दक्षिणा म्हणून हजार बोटं मागितली. एका गुरूनं शिष्याचा अंगठा घेतला, दुसऱ्यानं शिष्याला दुसऱ्यांची बोटं आणायला पाठवलं. आजही पोरांच्या रागावर आपली पोळी भाजणारे गुरू गल्लोगल्ली आहेत. दगड पोरांच्या हातात, केस पोरांच्या अंगावर, आणि गुरू स्टेजवर. बुद्ध त्या अंगुलिमालासमोर निःशस्त्र उभा राहिला. घाबरला नाही, आणि त्याला वापरलंही नाही. शिक्षकाचं उभं राहणं तसं असावं.

०

वर्गात आणखी एक राग बसलेला असतो, त्याबद्दल आपण बोलत नाही. त्याच बाकावरच्या शेतकऱ्याच्या पोराचा. बापाची जमीन वाटण्यांत तुकडा झालेली, उसाचं किंवा कांद्याचं बिल अडकलेलं, खाजगी कॉलेजची फी ऐकून घरात बोलणं बंद झालेलं. त्याला कोणी तरी सांगितलंय की तुझी जागा या योजनेवाल्यांनी खाल्ली. ‘सरकारचे जावई’ त्याच्याच तोंडून निघतं.

त्याचा राग खोटा आहे का? नाही. त्याचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. पत्ता चुकलाय. आणि इथंच मास्तराची खरी कसोटी आहे, कारण इथं द्रोण होणं फार सोपं असतं. त्या पोराच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, काय करणार बाबा, गुणवत्तेला किंमतच राहिली नाही. अर्जुन शांत झाला. अंगठा दुसऱ्या बाकावरच्याचा गेला.

याच्याऐवजी त्याला फळ्यापाशी बोलवा. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के. शंभर जागा लिही, तेरा वजा कर. किती राहिल्या? सत्त्याऐंशी. त्यात कोणाकोणाचा वाटा आहे ते लिही. २०१९ पासून खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांना १० टक्के आहेत, तेही लिही. पैसे मोजून घेता येतात त्या जागा किती, ते शोधून आण. भरतीच निघाली नाही तर किती टक्क्यांचे किती, तेही काढ. गणित शिकवा, गुरुजी, भाषण देऊ नका. त्याच्या रागाला गणित मिळालं की तो माझ्याकडे बघायचा थांबेल आणि मी जिकडे बघतोय तिकडे बघायला लागेल. कदाचित नाही लागणार. पण निदान कंपासपेटीची गरज पडणार नाही.

०

मास्तर म्हणतील, बोलायला काय जातंय. वर्गात साठ पोरं. वर सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी. आमचाही राग आहे, तो कोणाला सांगायचा? खरं आहे. तुमच्या डोक्यावरही जॉबर आहे. पण मग उताराचा नियम तुम्हालाही लागू. वरून आलेला तुमचा राग खाली सोडू नका. तुमची संघटना आहे, तिकडे घेऊन जा.

आणि साठ पोरांचं म्हणाल तर माझ्या पुढ्यात शेकडो चात्या फिरत असतात. एक धागा तुटला म्हणून मी अख्खी फ्रेम बंद करत नाही. ती एक चाती थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो, जोडतो, पुढं जातो. काही क्षणांचं काम. पण टोक न शोधता घाईनं कसंबसं गुंडाळलं तर सुतात गाठ राहते, आणि पुढं मागावर कापड विणताना बरोबर तिथंच तुटतं. पोरांचंही तेच. सगळा वर्ग थांबवू नका. टोक शोधा.

कसं शोधायचं? मला सुचतं ते सांगतो. पोर पेटलेलं असताना वर्गासमोर निवाडा करू नका. त्याला बाहेर नेऊन पाणी पाजा. का, असं विचारा आणि मग तोंड बंद ठेवा, उत्तराला वेळ लागतो. बोलता येत नसेल तर लिहू द्या, त्याच्या घरच्या भाषेत. ‘मला लय राग आला’ असं त्यानं लिहिलं तर ‘लय’ खोडून लाल शाईनं ‘खूप’ करू नका. शुद्धलेखन उद्या बघू. ऐकल्याशिवाय माफी मागायला लावू नका, आणि लावलीच तर एकट्याला नको. ‘जावई’ म्हणणाऱ्यालाही त्याच दिवशी, त्याच वर्गासमोर.

आणि शेवटचं सगळ्यांत अवघड आहे. ऐकणं फुकट नसतं. पोरानं विश्वासानं सांगितलं आणि तक्रार खरी निघाली, तर मास्तर त्याचं देणं लागतो. माठ बदलावा लागेल. हेडमास्तरांशी वाकडं घ्यावं लागेल. सहकारी चहाला बोलवायचे बंद होतील. ऐकून घेऊन मान हलवून काहीच न करणारा मास्तर न ऐकणाऱ्यापेक्षा वाईट. कारण त्यानं पोराला शिकवलं की शब्दांनी काही होत नाही. शब्दांवरचा विश्वास उडाला की मग उरतं काय? कंपासपेटी. किंवा त्याहून वाईट, स्वतःवरच उलटलेला राग.

हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला शिकत होता. त्याच्यावर आणि त्याच्या चार सोबत्यांवर विद्यापीठानं कारवाई केली, वसतिगृह बंद केलं. त्याच्या फेलोशिपचे पैसे महिनोन्‌महिने अडकलेले होते. १८ डिसेंबर २०१५ ला त्यानं कुलगुरूंना पत्र लिहिलं. ते पत्र म्हणजे नुसता कढत उपरोध. त्यानं काही फोडलं नव्हतं. शाळेनं शिकवलेलं सगळं केलं होतं. राग भाषेत घातला होता, अर्ज केला होता, योग्य माणसाच्या टेबलावर पोचवला होता. १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. महिनाही भरला नव्हता. देशानं त्याचं लिहिणं वाचलं ते त्यानंतर.

मुक्ताच्या निबंधापासून रोहितच्या पत्रापर्यंत १६० वर्षं होतात. मुक्ताला अक्षरं देणारे भेटले आणि वाचणारेही भेटले. आमच्या आजच्या पोरांना अक्षरं मिळाली आहेत. वह्या भरताहेत, मोबाईल भरताहेत, आमची ही पानंही भरताहेत. वाचणारा मास्तर कुठं आहे?

म्हणून गुरुजी, बाई, सर, मॅडम, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आमच्या पोरांना हसत अंगठा द्यायला शिकवू नका. त्यांचा राग काढून घेऊ नका, तो त्यांनी उद्देशिका वाचून कमावलाय. तो उताराला जाऊ लागला तर आडवा हात घाला. आणि उद्या एखाद्या पोरानं वहीचं फाटकं पान तुमच्या टेबलावर ठेवलं, त्यात चार ओळी अशुद्ध आणि पाचवीत तुमचंच नाव असलं, तर पान उलटं करून ठेवू नका. बसा आणि वाचा.